शाईदादाचे हात

उभी हयात छापखान्यात गेली, नखांतली शाई काही निघाली नाही, म्हणून बहिऱ्या मंडळींनी त्याचं नावच शाई ठेवलं. अंगठ्यावर दोन बोटं घासली की झालं नाव. पुढे ऐकू येणाऱ्यांनी त्याला दादा जोडलं. त्याची बायको शिवणकाम करायची, तीही बहिरी. तिचं नाव टाका. हवेत सुई ओढल्यासारखी खूण. हातांच्या भाषेत अहो-जाहो नसतं, त्यामुळे लग्नाच्या दिवसापासून दोघं एकमेकांना सरळ अरे-तुरे करत आली. भांडण फारच रंगलं की टाका दिवा मालवून टाकायची. अंधारात कोण कुणाला बोलणार!

बहिऱ्यांचा राष्ट्रीय संघ सुरू झाला तो त्या छापखान्याच्या मागच्या खोलीत, कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून. तेव्हा शाळेत खुणा केल्या की हातावर छडी बसायची. ओठ हलवून बोला, हा मास्तरांचा हेका. त्यामुळे खोलीत आलेली माणसं आधी पोटभर बोलून घेत, ठराव-बिराव मागाहून. प्रत्येक गावच्या खुणा वेगळ्या. 'आई'ची खूण कुठली धरायची यावरून एकदा अशी जुंपली, की संघाचा चिटणीस, पेशाने सुतार, रागाने उठून चालता झाला. शेवटी शाईने सगळ्याच खुणा संघाच्या खुणांच्या कोशात छापल्या. "ज्याची आई, त्याची खूण," तो म्हणाला. पुढे याच संघाने बहिऱ्यांना गाडी चालवायचा परवाना मिळवून दिला, टीव्हीच्या बातम्यांत कोपऱ्यात दुभाषी बसवली. हॉस्पिटलांचं तेवढं राहून गेलं. तिथेही दुभाषी हवेत म्हटलं की प्रत्येक मंत्री मान डोलवायचा, आणि पुढच्या खेपेला खुर्चीत दुसराच कुणी असायचा.

टाका या सगळ्यात मागे मागेच. फलक शिवावेत, चहाचं बघावं. व्यासपीठावर चढायचं म्हटलं की तिचे हात गार पडायचे. ती बाजू लेकीची. लेकीला ऐकू यायचं, आणि ती संघाची दुभाषी होती.

त्या वर्षीचं अधिवेशन दुसऱ्या शहरात होतं. निघायच्या दिवशी सकाळीच शाईला धाप लागली.

"बाबा, मी थांबते," लेकीने हातांनी सांगितलं.

"वेडी आहेस का? माणसं कुठून कुठून आलीत. मंत्री काय बोलतो ते त्यांना तुझ्याशिवाय कोण सांगणार?" त्याने तिला दाराकडे ढकललं. "नुसता खोकला आहे. जा."

ती गेली. दुपारपर्यंत त्याचे ओठ निळे पडले. शेजाऱ्याने गाडी काढून दोघांना मोठ्या हॉस्पिटलात पोचवलं. शाईला आत घेतलं, आणि टाका त्याचे कपडे आणायला घरी आली. तेवढाच काय तो वेळ.

परत येऊन तिने अतिदक्षता विभागाच्या काचेतून पाहिलं, तर शाईची दोन्ही मनगटं पट्ट्यांनी पलंगाला बांधलेली.

झालं होतं ते असं. तो काहीतरी विचारत होता, पुन्हा पुन्हा, जोरजोरात, जसं कुणीही विचारील. नर्सला वाटलं, हा भ्रमात आहे, हात झाडतोय, नळ्या उपटील. बहिरा आहे हे कागदावर लिहिलं होतं. बहिऱ्याचे हात म्हणजे त्याचं तोंड, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

टाका दार लोटून आत घुसली. नर्स आडवी आली. तिच्या तोंडावर मास्क. त्यामागे ओठ हलत असतील, टाकाला काय कळणार? तिने टेबलावरचं पेन ओढलं आणि तळहातावर लिहिलं, 'हात सोडा. तो बोलतो.' नर्सने वाचलं, नळीकडे बोट दाखवलं, मान हलवली, आणि तिला दंडाला धरून, तसं हळूच, पण बाहेर काढलं. टाकाने लेकीला निरोपामागून निरोप पाठवले. लेक तेव्हा मंत्र्याशेजारी उभी राहून हजारो डोळ्यांना त्याचं भाषण सांगत होती. फोन पिशवीत होता.

शाईने मान वळवली. काचेतून त्याला ती दिसली. त्याची बोटं हलायला लागली. पण मनगट हललं नाही, हात छातीशी आला नाही, कपाळाशी गेला नाही, तर नुसत्या बोटांचा अर्थ काय लावायचा? टाका काचेला नाक लावून वाचत होती. एखादं अक्षर, एखादं नाव? काही लागेना. "पुन्हा सांग," ती खुणावत राहिली, "हळू सांग." तो सांगत होता. त्याचा जीव थकेपर्यंत तो सांगत होता.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. तिच्यासमोर उभं राहून त्यांनी मास्क खाली घेतला. त्या दिवसात पहिल्यांदाच कुणीतरी तिला आपले ओठ दाखवले. ते म्हणाले, "गेले."

माणसं भेटायला आली की तिला एकच विचारायची, "शेवटी काय म्हणाला?" ती हात उचलायची आणि तसेच मांडीवर ठेवायची. लेक समोर येऊन बसायची. "मी थांबले असते तर, आई..." एवढं सुरू करायची आणि बोटं आवळून घ्यायची. टाकाने तिच्या मुठी आपल्या हातांत घेतल्या.

संघाची सभा भरली. सुतार भडकला होता. "त्या नर्सची नोकरी गेली पाहिजे!"

टाका उठली, आणि कुणी बोलावलं नसताना व्यासपीठावर चढली. हात गारच होते.

"तिची नोकरी घेऊन मी काय करू?" ती म्हणाली. "तिला कुणी शिकवलंच नाही. मला तिथे उभं करा. मी शिकवते."

मग तिने हॉस्पिटलांच्या पायऱ्या झिजवल्या. लेक बोलायची, ती करून दाखवायची. नर्सेसच्या वर्गात ती एकीला खुर्चीत बसवून तिच्या तोंडावर घट्ट फडकं बांधायची, आणि म्हणायची, "आता तुझं काय दुखतंय ते सांग." वर्गात आधी हसू फुटायचं, मग एकेक जण वही काढायची. किती जणांनी वाटेला लावलं, किती साहेबांनी चहा पाजून बोळवण केली. अखेर नियम निघाला: बहिऱ्या रोग्यासाठी दुभाषी बोलवायचा, आणि त्याला विचारल्याशिवाय, सांगितल्याशिवाय हात बांधायचे नाहीत. संघात पेढे वाटले. टाकानेही खाल्ला. चव लागली नाही.

नियमाखाली पहिला रोगी आला तो एक म्हातारा गवंडी. त्याच शहरातलं दुसरं हॉस्पिटल. लेक दुभाषी म्हणून आत गेली, टाका दाराशी थांबली. गवंड्याच्या नाकात नळी होती, पण हात मोकळे. आणि गडी सुटलाच होता. उशी दगडासारखी आहे. आमटी आहे की पाणी? शेजारचा माणूस सारखा आपल्याकडेच बघतो. लेक एकेक तक्रार नर्सला सांगत होती. गवंड्याची बायको कंटाळून म्हणाली, "पुरे की आता! डोळे दुखले तुझं बोलणं बघून."

टाका मागे सरली. व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. जरा वेळाने लेक धावत आली.

"आई, काय झालं?"

"तो उशीबद्दल कुरकुरतोय," टाका म्हणाली. "नुसत्या उशीबद्दल."

आणि तिने दोन्ही हातांत तोंड लपवलं. लेक शेजारी बसली. आईचे हात मोकळे होईपर्यंत बोलता येणार नव्हतं, म्हणून तिने नुसतं खांद्याला खांदा लावला.