नळीचं जेवण

संडास साफ करायचं ॲसिड चंद्रभानने दुकानातून कॅनमध्ये आणलं होतं. कॅनचं बूच गळत होतं, म्हणून त्याने त्यातलं थोडं पाण्याच्या एका रिकाम्या बाटलीत ओतलं, बाटली सैपाकाच्या ओट्यावर टेकवली आणि तो हात धुवायला गेला. तेवढ्यात बाहेर ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. त्याच्याशी बोलता बोलता चंद्रभान पुढेच अडकला आणि बाटली त्याच्या डोक्यातून साफ गेली.

मे महिना होता. कारंज्याच्या बाहेर, हायवेला लागून त्यांचा ढाबा. दुपारी छपराचं टिन असं तापायचं की चुलीपाशी उभं राहवत नसे. त्याची बायको सुलोचना पाटोडीचा रस्सा उतरवून आली, घामाघूम झालेली. तिने समोरची बाटली उचलली आणि तोंडाला लावून मोठा घोट घेतला. फोडणीच्या ठसक्यात तिला वासही आला नाही. एकच घोट, पण तो घशाखाली गेला.

ती किंचाळली तसा चंद्रभान धावला. कोणीतरी म्हणालं, मिठाचं पाणी पाजा, उलटी करवा. त्याने तांब्याभर पाणी पाजलं, घशात बोटं घातली. ती भडाभडा ओकली. त्याला वाटलं, जे होतं ते बाहेर पडलं, बायको वाचली. वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं, उलटी कोणी करवली? मग शांतपणे सांगितलं की ॲसिडने खाली जाताना जाळलं होतं, वर येताना पुन्हा जाळलं.

बाईंनी त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं. अन्ननलिका वीतभरापेक्षा थोडी लांब. ती नुसता पाइप नाही. तिच्या भिंतीत स्नायू असतात, घास आला की ते मागून आवळतात आणि घास पुढे ढकलतात. माणूस आडवा पडून खाईल तरी घास पोटातच जातो. सुलोचनाची अन्ननलिका आतून जळाली होती, आणि जखम भरेल तशी ती आकसत जाणार होती. म्हणून पोटाला डाव्या बाजूला छिद्र पाडून त्यांनी एक बारीक नळी थेट लहान आतड्यात सोडली. आता जेवण तिथून.

दुसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आला. सुलोचनाचा भाऊ बाबाराव देवळीहून आला होता. बहिणीने स्वतः प्यायलं की तिला कोणी पाजलं, हे एकच त्याच्या डोक्यात होतं. सुलोचनाला बोलता येत नव्हतं. तिने कागदावर लिहिलं, चुकून प्याली. मग पोलिसाने चंद्रभानला विचारलं, पाण्याच्या बाटलीत ॲसिड भरलं कोणी? बाबाराव त्याच्याकडे रोखून बघत होता.

"झाडायले येते आमच्याकडं, मंदाबाई," चंद्रभान म्हणाला. "तिनंच ठेवलं असन."

वाक्य तोंडातून गेलं आणि बाबारावची नजर त्याच्यावरून हटली. तेवढ्यानेच त्याला इतकं हलकं वाटलं की ते परत घ्यायची हिंमत झाली नाही.

मंदाबाईला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सोडून दिलं. अपघात म्हणून कागद बंद झाला. पण कारंज्यातल्या ज्या चार घरी ती धुणीभांडी करायची, त्या चारही घरांनी तिला नको म्हटलं. महिन्याभराने ती गाव सोडून गेली, असं चंद्रभानच्या कानावर आलं. त्याने ते सुलोचनाला सांगितलं नाही.

नळीचं जेवण तो शिकला. वरणाचं पाणी, भाताची पेज, दूध, उकडलेलं अंडं, सगळं मिक्सरमधून काढून पातळ फडक्याने गाळायचं. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला जोडायची, हातात उंच धरायची आणि ओतत राहायचं. सुरुवातीला एकदा ढाब्यावर गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून त्याने घाई केली. दहा मिनिटांत सुलोचनाला घाम फुटला, पोटात पीळ पडले, आणि मग ती संडासातून उठेचना. डॉक्टरबाई म्हणाल्या, जठर म्हणजे कोठार असतं. खाल्लेलं सगळं ते धरून ठेवतं, घुसळतं आणि आतड्याला थोडं थोडं सोडतं. तुम्ही कोठार सोडून सरळ आतड्यात ओतताय, तर जठराचा धीर तुम्हीच धरायला पाहिजे. त्यानंतर तो एका वेळेला पाऊण तास बसायचा. दिवसातून सहा वेळा.

थुंकीही तिच्या घशाखाली उतरत नसे. माणूस दिवसभरात किती थुंकी गिळतो हे चंद्रभानला तेव्हा कळलं. झाकणाचा एक डबा कायम तिच्या बाजूला असायचा, आणि तो दिवसातून दोनदा रिकामा करावा लागायचा.

तरी तिने चूल सोडली नाही. रस्सा जिभेवर घ्यायची, तोंडात घोळवायची, मीठ-तिखट बघायची आणि डब्यात थुंकायची. चवीत फरक पडला नव्हता. पण एकदा हात धुवायला मागे आलेल्या एका ड्रायव्हरने ते पाहिलं. तो ताटावर परत बसलाच नाही. हळूहळू ट्रक पुढच्या ढाब्यावर थांबू लागले. दिवाळीनंतर तिने स्वतःच चूल विझवली.

"पोट भरते," ती एकदा घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तोंड उपाशी राह्यते."

दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात जाऊन अन्ननलिका रुंद करून आणायची. दोन दिवस पाणी उतरायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळं बंद. असे दहा महिने गेले. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता मोठ्या आतड्याचा एक लांब तुकडा, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट, छातीच्या हाडामागून वर नेऊन गळ्याशी जोडावा लागेल. तीच नवी अन्ननलिका.

चंद्रभानला ते पटायला वेळ लागला. जिथे मळ तयार होतो, त्या जागेतून घास जाणार? डॉक्टरबाई म्हणाल्या, मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी शोषायचं. ते अन्ननलिकेसारखं घास ढकलणार नाही, घास आपल्या वजनाने उतरेल. जेवून ताठ बसायचं, झोपताना डोकं उंच ठेवायचं, आणि हे जन्मभर. धोका किती, तेही त्यांनी लपवलं नाही.

ऑपरेशनला आठ दिवस होते. दुपारचं जेवण चाललं होतं. सुलोचना खाटेवर बसलेली, चंद्रभान समोर सिरिंज धरून.

"मी मेली तं मंदाले सांगजा," ती म्हणाली, "मी तिले माफ केलं. लय शिव्या देल्ल्या मी तिले मनातल्या मनात. मुद्दाम नसन केलं तिनं."

पेज सिरिंजच्या काठावरून चंद्रभानच्या मनगटावर सांडली.

"बाटली मीच भरली होती," तो म्हणाला.

सिरिंजमधली पेज सावकाश खाली उतरत होती आणि दोघंही तिच्याकडे बघत होते. ती संपली तेव्हा सुलोचनाने त्याच्या हातातून सिरिंज काढून घेतली, स्वतः पाणी घातलं, नळी धुतली, टोक बंद केलं. त्यानंतर ऑपरेशनपर्यंत तिने त्याला नळीला हात लावू दिला नाही. भरताना एक हात अवघडून दुखायचा तेव्हा ती सिरिंज दुसऱ्या हातात घ्यायची, पण त्याला हाक मारायची नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "मंदाले घेऊन या."

मंदाबाई गिरडला बहिणीकडे राहत होती. दर्ग्याच्या टेकडीखाली फुलं आणि रेवड्या विकत बसायची. चंद्रभान तिच्यासमोर उभा राहिला तेव्हा तिने त्याला ओळखलं, पण हातातला हार गुंफणं थांबवलं नाही. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी मी सकाळीच झाडून गेली होती, ॲसिड पाह्यलं बी नाई. ठाण्यात सांगतलं, कोणी आयकलं नाई. तुमी तरी येऊन बोलान म्हणून दिवसभर दरवाज्याकडं पाहत बसली."

त्याने हात जोडले. सुलोचनाने बोलावलंय, एकदा चला, असं दोन-तीनदा म्हणाला. तिने दोऱ्याला गाठ मारली.

"त्याइले सांगा, बऱ्या व्हा म्हणावं. मी नाई येत."

परत येताना तो ठाण्यात उतरला. तिथल्या हवालदाराने त्याचं ऐकून घेतलं आणि कागद बंद झालाय, आता कशाला उकरता, असं म्हणून त्याला चहा पाजून पाठवून दिलं. सुलोचनाला त्याने दोन्ही गोष्टी जशाच्या तशा सांगितल्या. तिने भिंतीकडे तोंड केलं.

ऑपरेशन आठ तास चाललं. बाहेरच्या बाकावर बाबाराव आणि चंद्रभान दोन टोकांना बसले होते. सुलोचनाने भावाला सगळं सांगितलं असावं. तो भांडला नाही, पण चंद्रभानने आणलेला चहा त्याने खाली ठेवला आणि तो तिथेच गार झाला.

ती वाचली. बारा दिवसांनी फोटो काढून जोड पक्का असल्याची खात्री झाली, तेव्हा नर्सने तिला चमच्याने पाणी दिलं. पाणी छातीतून गुडगुडत गेलं, बाजूच्या खाटेवरच्या बाईलाही ऐकू गेलं इतकं. सुलोचनाने छातीवर हात ठेवला आणि ते खाली पोचेपर्यंत डोळे मिटून बसली. मग मऊ भात, दोन चमचे, चार चमचे. अकरा महिन्यांनी तिने घास गिळला होता. चंद्रभान दाराशी उभा होता. त्याला आत ये असं कोणी म्हटलं नाही, आणि तोही गेला नाही.

दवाखान्यातून ती देवळीला भावाकडे गेली. खबरदारी म्हणून पोटातली नळी दीड महिना ठेवली होती. ती काढायच्या दिवशी चंद्रभान कारंज्याहून दवाखान्यात आला. डॉक्टरबाईंनी टाका कापला, नळी हलकेच ओढली, आणि एवढ्या दिवसांची ती गोष्ट क्षणात बाहेर आली. छिद्र आपोआप बुजेल, दोन-तीन दिवस पट्टी बदला, असं त्यांनी सांगितलं. पट्टी बाबारावने पिशवीत ठेवली.

बसस्टँडवर देवळीची गाडी लागलेली होती. बाबाराव जागा धरायला वर चढला. दोघंच उरले तेव्हा सुलोचनाने विचारलं, "ढाबा चालू केला का?"

"नाई."

"मंग मंदाले इचारून पाहा. सैपाक चांगला येते तिले."

"ती नाई येनार."

ऑपरेशनमुळे सुलोचनाच्या गळ्याशी लाल वण उमटला होता, त्यावर तिने पदर ओढून घेतला.

"मले बी नाई यायचं," ती म्हणाली, आणि दांडा धरून सावकाश पायऱ्या चढून गेली.

खिडकीतून ती दिसत होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पाठ ताठ ठेवून बसली होती, समोर बघत. बस निघाली. चंद्रभानने चौकशीच्या खिडकीवर कारंज्याची गाडी विचारली. ती तासाभराने होती.