भारद्वाज दिसायला हवा

उद्या अभयला परळच्या हॉस्पिटलात दाखल करायचं, परवा डोक्यातली गाठ काढायची, आणि सासूबाईंनी हट्ट धरला तो भारद्वाज बघण्याचा! मोठ्या कामाआधी हा पक्षी दिसला की माणूस तरतो, हे कुडाळहून त्यांच्याबरोबर आलेलं पक्कं गणित. नुसता आवाज ऐकून भागत नाही, दिसावाच लागतो. लालबागच्या चाळीत कुठून आणायचा भारद्वाज? मी चिडले. अभय मात्र हसला.

"चल ना ऋता, तेवढंच फिरणं होईल."

म्हणून आम्ही तिघं शीवजवळच्या निसर्ग उद्यानात आलो. पायवाटेवर गार सावली, पिवळी फुलपाखरं, तळ्यावरच्या फांदीवर खंड्या. अभय सगळं आवडीने बघत होता. आई कशाकडेच बघत नव्हत्या. गुडघा धरून, "खंय असा तो?" म्हणत प्रत्येक झुडपात डोकावत होत्या. भारद्वाज जवळच कुठेतरी घुमत होता, पण दिसेल तर शपथ.

ऊन चढलं. अभयचं डोकं ठणकायला लागलं. आता पुरे, असं मी म्हणणार तेवढ्यात आई थबकल्या. समोरच्या करंजावर काहीतरी काळं बसलं होतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण मला लख्ख दिसत होतं. कावळा होता.

"तोच मां गो?"

अभयने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"हो आई, तोच," मी म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. आमच्यात कावळ्यापुढे हात जोडतात ते दहाव्याच्या दिवशी. त्या बराच वेळ पुटपुटत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता माझ्या झिलाक काय एक होवचा नाय." किती दिवसांनी त्या हसल्या होत्या.

त्यांना बाकावर बसवलं. अभय तोंड धुऊन येतो म्हणून गेला. मीही पाणी आणते म्हणाले आणि बाटली घेऊन तडक मागे फिरले. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी वाकून वाकून झुडपं धुंडाळत होते, त्या मेल्या पाखराला शिव्या घालत होते, आणि मध्येच 'ये रे बाबा, एकदाच ये' म्हणून त्याच्या पाया पडत होते.

वळणावर कुणीतरी मातीत गुडघे टेकून, फांद्या बाजूला सारून आत बघत होतं. अभय होता. चाहूल लागताच दचकून वळला.

"दिसला तुला?" त्याने विचारलं.

"नाही."

तो उठलाच नाही. मातीने भरलेल्या हातांनी माझा हात घट्ट धरला.

"मला खूप भीती वाटतेय गं," तो म्हणाला. "आईला सांगू नकोस."