तबकडीच्या शेवटी घेतलेलं नाव

अकरा वर्षं गहिनीनाथानं एकच सूर धरला होता. तलवाड्याच्या आश्रुबानानांनी सनईवर राग फुलवायचा आणि गहिनीनं शेजारी बसून, गाल फुगवून, दुसऱ्या सनईतून एकच सूर न तोडता पुरवत राहायचा. नानांचं शिकवणंच तसं. "सूर आधी हाडात मुरू दे, बाबा. मग बोटं हालव." मुरता मुरता पोराला मिशा फुटल्या, लग्न झालं, बायको विचारू लागली, "तुमी कवा वाजवणार?"

अशात हैदराबादेहून बोलावणं आलं. तिथे एका गोऱ्या साहेबाला गाण्यावाजवण्याच्या तबकड्या भरायच्या होत्या. गुरुशिष्य बैलगाडीनं जालन्याला गेले, तिथून रेल्वेनं. बंद खोलीत भिंतीतून एक भलाथोरला कर्णा बाहेर आला होता. साहेबाच्या मुनशीनं बजावलं, तीन मिनिटं वाजवा आणि संपताच कर्ण्यात मोठ्यानं नाव सांगा. तबकडी विलायतेत बनते, वाजवणारा कोण हे तिथल्या माणसांना कळायला हवं.

"मला दम लागंल," नाना म्हणाले. "गहिनी, माझं नाव तू घे."

नानांनी असं वाजवलं की साहेबाचा बूटसुद्धा ठेका धरू लागला. शेवटचा सूर विरला. नाना डोळे मिटून धापा टाकत होते. गहिनी कर्ण्यात तोंड घालून ओरडला, "गहिनीनाथ, तलवाडेकर!"

का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. अकरा वर्षांची भूक बोलून गेली. त्याचे कान तापले. "पुन्हा एकदा" एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण मुनशीनं "ठीक?" विचारलं, नानांनी मान हलवली आणि हा मेला गप्प राहिला. परतीच्या वाटेवर नानांनी आपली अर्धी भाकर त्याला मोडून दिली. ती त्यानं फडक्यात बांधून ठेवली. नानांनी ऐकलं की नाही, हे विचारायचीही सोय राहिली नव्हती.

सहा महिन्यांनी चौसाळ्याच्या बाजारात भगवानराव दुकानदारानं फोनोवर ती तबकडी लावली. अर्धा बाजार लोटला. गहिनी पोचला तेव्हा नाना अगदी पुढे बसलेले. तबकडी फिरली, सनई घुमली, बायाबापड्यांनी माना डोलावल्या. शेवटी कर्णा ओरडला, "गहिनीनाथ, तलवाडेकर!"

लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. "गुरूच्या वरताण निघालास की बे!" धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं. शेवटी तो ओरडला, "त्ये माझं न्हाई! नानांनी वाजवलंय. मी निस्ता सूर धरला. नाव मी खोटं घेतलं!"

मग भगवानरावानं डोळे पुसले. "बघा रे! शिष्य असावा तर असा. सगळं गुरूच्या पायाशी वाहतोय."

टाळ्या पडल्या. खोटं बोलताना वाटली नव्हती एवढी शरम गहिनीला आता खरं बोलून वाटली.

"आता समोर वाजव की," कुणीतरी म्हणालं.

नानांनी काखेतल्या पिशवीतून दोन्ही सनया काढल्या. आपली त्याच्या हातात दिली, सुराची स्वतःकडे ठेवली.

"नाना, तुमी ऐकलं व्हतं?" तो पुटपुटला.

"दोन हातावर तर बसलतो," नाना म्हणाले. "म्हनलं, पोरगं सांगंल. जालन्यापतूर वाट बघितली. मग घरापतूर. वाजव."

नानांनी गाल फुगवले आणि सूर धरला. गहिनीनं सुरुवात केली. थोड्याच वेळात बोटं अडखळली, दम तुटला, सनई चिरकली. लोक एकमेकांकडे बघू लागले. आता कुठे त्यांना त्याचं बोलणं खरं वाटलं. मागची माणसं उठून बाजाराला लागली. नानांचा सूर मात्र गहिनी थांबेपर्यंत हलला नाही.