एका मण्याचा फरक

लॅबमध्ये तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठा असलेला वॉचमनसुद्धा. पुरुषबीजावर एक प्रोटीन असतं, स्त्रीबीजाला चिकटायला ते लागतं. माणसाच्या अंगातून ते काढून काढून किती काढणार? म्हणून त्याचा जीन जिवाणूंमध्ये घालायचा, जिवाणू वाढवायचे आणि त्यांच्याकडूनच ते करून घ्यायचं. ताईचे केस या कामात पांढरे झाले. काही पुरुषांना मूल का होत नाही, हे शोधणारे लोक तिच्या हातचं प्रोटीन वापरायचे, आणि त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की तो जीन तिच्या नवऱ्याचा आहे.

त्याचं असं झालं, की फार पूर्वी नवऱ्याचं नको त्या जागी गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधीच निघाली. लॅबच्या तेव्हाच्या सरांना जीन काढायला नेमका तसा तुकडा हवा होता. ताईने भीतभीत विचारलं, तर याने हसत सही ठोकली. "घेऊ देत की. नाहीतरी इकडे त्याचा काही उपयोग दिसत नाही."

लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. रिपोर्ट दोघांचेही चांगले. पण सासूबाईंना रिपोर्टशी काय घेणंदेणं! "माझ्या मुलात काही खोट नाही," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. मग खोट कोणात, ते न सांगताच कळायचं. नवरा तेवढ्यात पेपरात डोकं घालायचा. माणूस लाखातला, पण आईपुढे याच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ. ते तिला कायम सललं.

पुढे सासूबाई गेल्या, मग तोही गेला. घरी दिवसभर बंद खोल्यांचा वास कोंडलेला असायचा. लॅबमध्ये मात्र सकाळी आदल्या दिवशीचा स्वच्छ फ्लास्क गढूळ झालेला दिसला, की तिला बरं वाटायचं. त्याचं काहीतरी रात्रभर वाढत होतं म्हणायचं.

आणि त्या दिवशी नव्या सरांनी तिला बोलावलं. पोरगेलासा माणूस, वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा.

"ताई, आजवर लोक आपलं प्रोटीन नुसतं ओळखण्यापुरतं वापरायचे. आता स्त्रीबीजाला लावून पाहिलं, तर चिकटत नाही अशी ओरड आहे. म्हणून मी जीन पुन्हा वाचून घेतला." त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. "ही माळ समजा. सगळीकडे इथे एक मणी असतो, आपल्यात दुसराच आहे. कॉपी करताना कोणीतरी घोळ घातला असणार. नवा जीन मागवलाय. या ट्यूब आज वाफेच्या भट्टीत टाकून संपवा."

ट्यूबचा डबा टेबलावर बर्फात ठेवला होता. झाकणावर मार्करने लिहिलं होतं, 'सदोष.'

"अजिबात चिकटत नाही?" ताईने विचारलं.

"जवळजवळ नाहीच. असं प्रोटीन खरंच कोणाच्या अंगात असतं ना, तर बिचाऱ्याचे बाकी रिपोर्ट चांगले येऊनही मूल काही झालं नसतं." सर हसले आणि मेल बघायला लागले.

ताई डबा घेऊन भट्टीपर्यंत गेली. झाकण उघडलं. ट्यूब टाकल्या की संपलं, त्याचं जगात काहीच उरणार नव्हतं. टाकायच्या नसतील तर सांगावं लागणार होतं, की ही खोट कॉपीतली नाही, माझ्या माणसातली आहे. ज्याची अब्रू तिने स्वतः बोलणी खाऊन इतकी वर्षं झाकली, नकळत का होईना, त्याच्याबद्दल आता चारचौघांत बोलायचं? बोटं गारठली तरी तिच्याने ट्यूब टाकवेनात. ती परत फिरली.

"सर, हा घोळ नसेल. ज्याचा तुकडा होता, त्याला मूल नव्हतं. आणि रिपोर्ट चांगले होते."

"पण नावं तर गुप्त असतात. तुम्हाला कसं माहीत?"

"मी त्याच्या घरात नांदले."

सरांनी मेल बंद केला. मग ते उठून उभेच राहिले. "नीट तपासावं लागेल," ते हळू आवाजात म्हणाले, "पण तसं असेल तर ताई, हे टाकायचं नाही. हेच जपायचं."

"जपा. तेवढं 'सदोष' खोडा."

"मग काय लिहू?"

"वेगळं आहे म्हणून लिहा."

त्यांनी लिहिलं, आणि ताईने डबा फ्रीझरमध्ये जागच्या जागी ठेवला. दार लावलं, आणि मग तिचा राग उफाळून आला. इतकी वर्षं मान खाली घालून ऐकलं, ते सगळं फुकटच ऐकलं की! आता सांगायचं कोणाला? सासूबाई असत्या तर त्यांनी हे मानलं नसतं, ते सोडा. पण त्याने तरी पेपर खाली ठेवून ऐकायला हवं होतं.

"अहो, तुमच्यातच होतं," ती दाराला म्हणाली.

आत मोटर घरघरत होती. तिला एकदा त्याच्याशी कडाकडा भांडायचं होतं, आणि भांडायला माणूसच उरला नव्हता.