लाल ठिपका

आमचे हे पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवतात आणि जिवासाठी समुद्र. आजवर समुद्र शंभरदा काढला असेल, बायको एकदाही नाही! विचारलं, की म्हणायचे, "तू फार हलतेस." आणि समुद्र काय हाताची घडी घालून बसतो?

परवा किनाऱ्यावर वाऱ्यानं नुसता उच्छाद मांडला होता. ह्यांनी चित्राच्या ईझलला दगड बांधला, पण डोक्यावरची टोपी गेली उडून. लाल शाल सावरत, शिव्या घालत मी टोपीमागे धावले. हे ढिम्म! रंगवतच बसले. घरी येताना मी मुद्दाम ह्यांच्या दहा पावलं पुढे चालले.

काल प्रदर्शनवाले साहेब घरी आले. ह्यांचं चित्र प्रदर्शनात लागावं, हे जन्माचं स्वप्न. साहेबांनी चित्राला नाक लावून पाहिलं. "झकास! फक्त खाली हा लाल ठिपका चुकून पडलाय. पुसा, म्हणजे समोरच्याच भिंतीवर लावतो."

"एवढंच ना?" म्हणत मी टर्पेंटाइनचा बोळा उचलला. रंग अजून ओलाच होता.

ह्यांनी माझा हात धरला. "ठिपका राहील. नसेल चालत तर चित्र नका लावू."

"अहो, वेड लागलंय का? एका ठिपक्यासाठी?"

"ती तू आहेस."

"मी? नाक नाही, डोळे नाहीत!"

"मागे हो जरा."

मी दारापर्यंत मागे गेले. अगंबाई! आभाळ पळतंय, लाटा पळताहेत, गवत आडवं झालंय आणि सगळ्यांच्या पुढे मी, शाल फडफडवत, उडत्या टोपीमागे हात लांब करून! इतका आनंद झाला की रडूच आलं. पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, "साहेब, तुम्हीही या इकडे."

ते आले. माझ्या शेजारून चित्राकडे पाहिलं आणि हसत म्हणाले, "टोपी सापडली का?"

"सापडली तर! ह्यांच्याच डोक्यावर आहे की."

चित्र आज समोरच्या भिंतीवर लागलंय. मी सकाळपासून शेजारी उभी आहे. जो येतो तो चित्राला नाक लावतो, आणि मी प्रत्येकाला सांगते, "अहो, मागे सरका जरा! इतक्या जवळून मी दिसत नाही."