चिंचेखालची अबोली

ईरण्णा तहसील कचेरीत माळी होता. निजामाचं राज्य होतं. सत्तेचाळीसच्या भाद्रपदात त्याचा थोरला मुलगा पंचाक्षरी तिरंगा लावताना पकडला गेला आणि त्याच कचेरीच्या कोठडीत बंद झाला.

ईरण्णाने तहसीलदारांचे पाय धरले. ते अंगणातल्या चिंचेखाली बसले होते. भोवतालच्या बोडक्या जमिनीकडे बोट दाखवून म्हणाले, "दिवाळीनंतर गुलबर्ग्याहून सुभेदारसाहेब येणार. इथं फुलं दिसली पाहिजेत. साहेब खूश झाले तर तुझ्या पोराचं बोलतो."

"हुजूर, एवढ्या सावलीत गुलाब, झेंडू येत न्हाय."

"येईल ते लाव."

सावलीत फुलेल अशी एक अबोलीच. ती माकणीला त्याच्या बहिणीच्या, रुद्रम्माच्या परसात आंब्याखाली होती. तो पायी गेला. रुद्रम्माने मातीसकट तीस रोपं काढून दिली.

"अण्णा, हलवलेलं झाड लगेच फुलत न्हाय. घाई करू नका."

"पोराला आत मारतेत, रुद्रम्मा. पाणी घालताना म्या ऐकतो."

चिंचेची मुळं तोडून त्याने वाफे केले, शेणखत घातलं. परतीच्या पावसात पाणी साचून बारा रोपं कुजली. उरलेल्यांना उजेड मिळावा म्हणून त्याने चिंचेच्या दोन फांद्या छाटल्या, त्यासाठी शिव्या खाल्ल्या. रोज पानं उलटून कळी शोधायचा.

एकदा कोठडीच्या गजातून पंचाक्षरी म्हणाला, "अप्पा, माझ्यापायी ह्यांची बाग फुलवू नका."

ईरण्णाने पुढच्या झाडाची पानं उलटली.

सुभेदार आले त्या दिवशी नऊ झाडांवर केशरी फुलं होती. ईरण्णा हात जोडून वाफ्याशी उभा राहिला. साहेब मोटारीतून उतरले, थेट आत गेले, चहा घेऊन तसेच परतले. ईरण्णा तहसीलदारांकडे वळला.

"हुजूर, माझ्या पोराचं..."

"साहेबांनी फुलांकडं बघितलंसुद्धा नाही. कोणत्या तोंडानं बोलू?"

तिसऱ्या दिवशी पंचाक्षरीला गुलबर्ग्याच्या तुरुंगात नेलं. ईरण्णा लॉरीमागं वेशीपर्यंत धावला. धुळीत पोराचं तोंड तरी दिसलं का, तेही त्याला सांगता येईना.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कुदळ उचलली. एकेक झाड मुळासकट उपटायचं ठरवूनच आला होता. पहिल्या झाडापाशी हात थांबला. झाडं उपटली तर नोकरी जाणार. आणि पोराची काही खबर आली, तर ती आधी याच कचेरीत येणार.

तो घागर भरून आणू लागला. टपाल घेऊन शिपाई आला.

"गुलबर्ग्याचं काई?"

शिपायाने नकारार्थी मान हलवली.