चाकांवरची चूल

माझ्या सासूने, हौसाने, एक गोष्ट मला अगदी स्पष्ट सांगितली होती, आणि तीही अख्ख्या विचुंबे गावाला ऐकू जाईल अशा आवाजात. "जितं चूल नाय आन सारवलेली भुई नाय, तितं माजी नात झोपनार नाय."

नात म्हणजे माझी मुलगी मालू. मी आणि मालूचा बाप सुक्या मासळीचा धंदा करायचो. पनवेलच्या बंदरावर बोंबील, सुकट, जवळा घ्यायचा आणि खोपोली, खालापूर, कर्जत असा बाजार-बाजार फिरून विकायचा. रात्र पडेल तिथे कुणाच्या तरी पडवीत पथारी टाकायची. मालू दोन वर्षांची असताना खालापुरात तिला ताप भरला. पडवीच्या मालकाने मासळीचा वास येतो म्हणून आम्हाला बाहेर काढलं, आणि फणफणलेली पोर घेऊन आम्ही झाडाखाली बसलो. हौसाला कळलं तशी ती बैलगाडी करून आली, पोर उचलली आणि घेऊन गेली. पोर वाचली ती तिच्यामुळे, हे मी कधी नाकारलं नाही. पण मालू पाच वर्षांची झाली तरी ती विचुंब्यात आणि मी बाजारात. आठवड्याने गेलं की माझ्या हातातला खाऊ घ्यायची आणि आजीच्या पाठीमागे जाऊन उभी राहायची. पाहुण्यासमोर मुलं उभी राहतात ना, तशी.

विचुंब्याच्या घरात राहायचं म्हटलं तर दोन जावा, त्यांची मुलं आणि पोटापुरतीही न पिकणारी खाचरं. धंदा सोडून तिथे बसलो असतो तर सगळ्यांच्याच डोक्यावर बसलो असतो. म्हणून मी ठरवलं, घर आपल्याबरोबर फिरलं पाहिजे.

मालूचा बाप भाताच्या गिरणीच्या लॉरीवर ड्रायव्हरी शिकलेला. पनवेलच्या नाक्यावर अय्यूबभाई मोटारी दुरुस्त करायचा, त्याच्या आवारात एक गाडी पडून होती. लढाईच्या काळात ती लष्कराची रुग्णगाडी होती. लढाई संपून देश स्वतंत्र झाला तरी ती बिचारी तिथेच गंजत होती. छपराला भोकं, मागचं दार तारेने बांधलेलं, आत कोंबड्या. माझ्या पाटल्या त्या गाडीत गेल्या, त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. अय्यूबभाईने इंजिन चालू करून दिलं आणि बाजूच्या पत्र्यावरची तांबडी फुली आम्ही काव फासून झाकली.

हौसाला बातमी लागलीच. "मेलेली मानसं वाह्यलेली गाडी ती!"

"मेलेली नाय, आय. जगवाया नेलेली," मी म्हटलं. पण तिने चूल आणि भुई काही सोडली नाही.

मग मी काय केलं? सासूने सांगितलं तस्सं केलं. शेतातली चिकणमाती आणली, भाताचा तूस घालून मळली, गाडीच्या फळ्यांवर बोटभर थर दिला आणि वरून शेणाने झकास सारवलं. कोपऱ्यात मातीची चूल घातली. अय्यूबभाई कमरेवर हात ठेवून बघत होता.

"भाभी, मोटार हाय ती. मोटार कुनी सारवतं का?"

"तुमच्या घरात भुई सारवत नाय का?"

"सारवतात. पन माजं घर गचके खात नाय."

हे माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. शिरलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या बायकांनी जमीन सारवली ती हलत नव्हती म्हणून सारवली, एवढी साधी गोष्ट मला सुचू नये! सारवण वाळलं, रांगोळी काढली आणि मोठ्या तोऱ्यात आम्ही विचुंब्याला निघालो. गाढी नदीच्या पात्रातला तो गोटेच गोटे असलेला रस्ता ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको.

गावात गाडी थांबली. सगळी आळी जमली. मालूच्या बापाने मागचं दार उघडलं आणि आतून धुळीचा लोट बाहेर आला. भुईची ढेकळं झाली होती. चुलीचे तुकडे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेले होते आणि बोंबलाच्या टोपल्या मातीत लोळत होत्या. माझी धाकटी जाऊ पदर तोंडावर धरून हसली. हौसाने एक ढेकूळ उचललं, माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "ही घे तुजी भुई."

मालूही हसली. सगळे हसले म्हणून हसली, लहान मूल ते. पण मला ते फार लागलं. परतताना मी रडले नाही असं सांगायला आवडलं असतं, पण पनवेल येईपर्यंत मी रडत होते आणि मालूचा बाप बिचारा गाडी हळू चालवत होता.

दुसऱ्या दिवशी माल घ्यायला बंदरावर गेले. खाडीत मिठाचे मचवे लागले होते. दादू तांडेलाच्या मचव्यावर भात शिजत होता. हे मी शेकडो वेळा पाहिलं असेल, पण त्या सकाळी मी टोपली खाली ठेवली आणि नीट बघत उभी राहिले. लाकडी खोक्यात वाळू भरलेली, वाळूत लोखंडी चूल रुतवलेली. हंडी, तांब्या, पाण्याची घागर सगळं दोरांनी टांगलेलं किंवा बांधलेलं. खाली नुसतं ठेवलेलं असं काही नाहीच. मचवा लाटेवर डोलत होता आणि हंडी जिथल्या तिथे निवांत होती.

"दादूमामा, ही हंडी सांडत नाय?"

"सांडेल कशी? बोट हालते, हंडी थोडीच हालते. तीन दोर, आन खाली एक ढिला."

मी टोपली विसरले आणि धावत अय्यूबभाईच्या आवारात आले. म्हटलं, "आपन झोपडी बांधत होतो. आपल्याला बोट बांधायची हाय!"

मग जे काम चाललं ते आठवलं की अजून माझी छाती फुगते. माती खरवडून टाकली. फळ्यांच्या फटीत काथ्या ठोकून वर डांबर ओतलं. दादू तांडेलाने एक फाटकं शीड दिलं. त्याचा चांगला भाग छपरावर ताणून तेल पाजलं, उरलेला खाली अंथरला. उन्हाने पत्रा तापू नये म्हणून आतून गोणपाट लावलं. अय्यूबभाईने लॉरीच्या तुटक्या फळ्यांचा एक बाक बसवून दिला, दिवसा त्यावर गिऱ्हाईक बसेल आणि रात्री आम्ही झोपू. बाकाखाली मासळीच्या टोपल्या. माणसांच्या आणि मासळीच्या मध्ये त्याने पत्र्याचा पडदा ठोकला आणि म्हणाला, "अल्ला कसम, आता वास तुमच्या अंगाचाच, बोंबलाचा नाय." त्याची बायको सुगरा हिने मच्छरदाणीला पुरेल एवढं जुनं कापड शिवून दिलं. जाळ्याच्या तुकड्यांच्या पिशव्या करून त्यात मी कांदे, लसूण, कपडे टांगले. चूल वाळूच्या खोक्यात, दाराजवळ. आणि मधोमध छपराच्या कडीला तीन दोरांवर हंडी, खालून फळीला बांधलेला एक ढिला दोर. विकत घेतलं ते डांबर आणि खिळे. बाकी सगळं कुणाच्या ना कुणाच्या अडगळीतून निघालं.

पुन्हा विचुंबे. पुन्हा सगळी आळी, जास्तच, कारण मागच्या वेळी मजा आली होती. दार उघडलं. एक वस्तू जागची हलली नव्हती. धाकट्या जावेचा पदर या वेळी तोंडापर्यंत गेलाच नाही.

हौसाने डोकं आत घातलं, चूल पाहिली, खालचं शीड बोटाने चाचपलं. "भुई कुटं हाय?"

"भुई नाय, आय. या घराला भुई नाय टिकत."

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मालूचा बाप म्हणाला, "आये, तू बसून तर बघ. पनवेलच्या पल्याड कोन गावापत्तोर जाऊ आन येऊ."

हौसा हट्टी खरी, पण भित्री नव्हती. ती घरात गेली आणि तिने सकाळीच केलेलं ओल्या बोंबलाचं कालवण घेऊन आली. थंड झालेलं, लालभडक. माझ्या हंडीत तिने ते गळ्यापर्यंत ओतलं. मग आळीकडे तोंड करून म्हणाली, "कोनपत्तोर एक थेंब सांडला, तर पोर माजी. नाय सांडला, तर हिची, सत्यवतीची. परत मागनार नाय."

दादू तांडेलाची हंडी पाण्यावर झुलायची, गोट्यांवर नाही. पण नाही म्हणायला तोंड कुठे होतं? हौसा बैलगाडीत चढावं तशी धप्पकन चढली आणि बाकावर पाय सोडून बसली. मालू चढली आणि सरळ हंडीच्या खाली उताणी झोपली. कालवण तिच्या जिवाचं. तिने तोंडाचा मोठा आ केला.

"काय करतेस गं?" मी विचारलं.

"थेंब पडला की मना!"

म्हणजे बघा, माझी स्वतःची मुलगी, जिच्यासाठी मी हा डोलारा उभा केला, ती थेंब पडावा म्हणून वाट बघत होती.

गाडी निघाली. नदीच्या पात्रात गोट्यांवरून ती अशी उडायला लागली की माझे दात वाजले. हंडी झुलत होती. पुढे, मागे, पुढे. कालवण काठापाशी यायचं आणि परत जायचं. पनवेल ओलांडलं, मोठा रस्ता लागला, मला जरा श्वास आला, आणि कोनच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यात आली. मालूच्या बापाने कचकन ब्रेक दाबला. हौसा बाकावरून घसरून खाली आली, कांद्याची पिशवी माझ्या तोंडावर आपटली आणि हंडी समोरच्या पत्र्याच्या दिशेने गेली. हौसाने बसल्या जागेवरून तिला धरायला हात पुढे केला.

"हात नको लावू!" मी ओरडले. सासूवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असेन.

तिने हात मागे घेतला. खालचा ढिला दोर ताठ झाला, हंडी पत्र्यापासून वितीवर थांबली, मागे आली, झुलली आणि सावकाश शांत झाली. मग हंडीखालून मालूने रडका सूर लावला, "एकपन नाय पडला! एकपन थेंब नाय पडला!"

मी तिला छातीशी धरली आणि हसत सुटले. पुढून मालूचा बाप हॉर्न वाजवायला लागला. म्हैस कधीच गेली होती, तरी वाजवतच राहिला. मी जिंकले होते. जिंकल्यावर माणसाला मोठेपणाने गप्प राहता येतं म्हणतात, मला नाही आलं. मी मोठ्याने ओरडले, "सांडलं नाय! सांडलं नाय!"

कोनमध्ये गाडी उभी केली. हौसा उतरली आणि तडक आडाकडे चालू लागली. तिथे बायका पाणी भरत होत्या. मला वाटलं, रागावली, आता पायी परत जाणार. जिंकल्याचा आनंद होताच, पण तिची वाकलेली पाठ बघून वाईटही वाटलं. तीन वर्षं या बाईने माझी पोर सांभाळली होती. मी हंडी उतरवली, वाळूतली चूल पेटवली, कालवण गरम केलं आणि मालूला पहिली वाटी दिली. ती चुलीपाशी मांडी घालून फुर्र फुर्र करत खायला लागली. कुणाच्याही पाठीमागे न लपता.

तेवढ्यात हौसा परत आली, दोन-तीन बायका घेऊन. त्यांना गाडी दाखवायला. एकीने कौतुकाने पायरीवर पाय ठेवला, तर हौसाने तिचा दंड धरून खाली ओढलं.

"धुळीच्या पायांनी कुटं चढतेस? माज्या सुनेचं घर हाय त्ये."

मग पायरीपाशी ती स्वतः उभी राहिली, लुगडं घोट्यांवर उचललं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बगतेस काय? पानी दे."

मी तांब्या भरला, माझ्या घराच्या दारात उभी राहिले आणि सासूच्या पायांवर पाणी घातलं.